पहिला गिटार कॅब घेताना: रॉक आणि मेटल वाजवणाऱ्या नवख्यांसाठी

नवा गिटारवाला पैसे कसे खर्च करतो ते मी वर्षानुवर्षं बघतोय. आधी गिटार. मग आवाज फाडणारं, म्हणजे डिस्टॉर्शनचं पेडल. ते आवडेनासं झालं की दुसरं पेडल. मग उसनवारी करून हेड, म्हणजे आवाज वाढवणारा अँप. आणि कॅब, म्हणजे स्पीकरचा डबा? उरल्यासुरल्या पैशात बसेल तो. मीही तसंच केलं होतं, आणि पुढची दोन वर्षं आवाज का जमत नाही म्हणून गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे चुंबक, बदलत बसलो.

एक दिवस जॅम रूमवर, म्हणजे बँडच्या सरावाच्या जागी, कुणाचा तरी बंद पाठीचा, दोन स्पीकरचा कॅब येऊन पडला होता. सहज म्हणून माझ्या हेडची वायर त्यात लावली. हेडवरचं एकही बटण हलवलं नाही. पहिलाच पाम म्यूट (तळव्याने तारा दाबून काढलेला सूर) मारला आणि छातीवर थाप पडल्यासारखं वाटलं. तोच रिफ (फिरून फिरून येणारी गिटारची ओळ), तीच बोटं, तेच हेड. बदललं होतं ते शेवटचं खोकं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगतो: आवाजाचं बजेट कॅबपासून मागे मोजत या.

आता हा कॅब निवडायचा कसा, ते क्रमाने बघू. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गिटारचा स्पीकर म्हणजे घरच्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर नव्हे. गाणी ऐकायचा चांगला स्पीकर २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीत ऐकवायला बघतो. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ७०-७५ हर्ट्झला सुरू होतो आणि ५,००० हर्ट्झच्या आसपास हात टेकतो. हे हात टेकणंच आपल्या कामाचं असतं. डिस्टॉर्शनमधून वरच्या बाजूला जी किरकिर तयार होते ती स्पीकरचा हा कागदी कोन गाळून टाकतो. पटत नसेल तर पेडलची वायर थेट घरच्या स्पीकरला जोडून ऐका. बाटलीत अडकलेली माशी ऐकू येईल. म्हणजे स्पीकर आणि त्याचा डबा हे तुमच्या वाद्याचे भाग आहेत, गिटारच्या मानेइतकेच.

पायरी १: वाजवणार कुठे?

१×१२ म्हणजे बारा इंचांचा एक स्पीकर असलेला कॅब, २×१२ म्हणजे दोन, ४×१२ म्हणजे चार. बोलताना आपण वन-ट्वेल्व्ह, टू-ट्वेल्व्ह, फोर-ट्वेल्व्ह म्हणतो. पहिला निर्णय हाच, आणि तो जागा बघून घ्यायचा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर एक आकडा लक्षात ठेवा. ग्रीनबॅक नावाच्या प्रसिद्ध स्पीकरला फक्त एक वॅट दिला, तर एक मीटरवर ९८ डेसिबल आवाज होतो. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल. एका वॅटमध्ये ही गत, मग पन्नास वॅटच्या हेडला बेडरूममध्ये कुठवर उघडणार? घरासाठी १×१२ खूप झाला. तोही भिंतीला चिकटवून ठेवू नका, खालच्या मजल्यावर खर्ज उतरतो.

जॅम रूम आणि लहान-मध्यम गिग यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: बंद पाठीचा २×१२. ड्रमरच्या बरोबरीने ऐकू येतो, दोघांनी उचलला की जिन्यातून नेता येतो, आणि छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा टाकून नेता येतो.

आणि ४×१२? त्याचं आकर्षण मला कळतं. स्टेजवर मागे उभा असलेला तो काळा ठोकळा बघून तर आपण गिटार हातात घेतली. पण ४×१२ वर ४×१२ ची ती थप्पी का जन्माला आली हे माहीत असू दे. १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या बँडचा पीट टाउनशेंड लंडनमध्ये अँप बनवणाऱ्या जिम मार्शलकडे आठ स्पीकरचा एकच कॅब मागायला गेला. मार्शलने तो बनवलाही, पण उचलणारी माणसं कावली. मग त्याचे दोन भाग करून एकावर एक ठेवले आणि मार्शल स्टॅक तयार झाला. त्या काळी हॉलमधली पीए यंत्रणा जेमतेम गाणाऱ्याच्या आवाजापुरती असे. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची तर कॅबनेच. आज मोठ्या स्टेजवर साऊंडवाला तुमच्या चारपैकी एका स्पीकरसमोर एक माइक लावतो आणि समोरच्या हजार लोकांना तेवढा एक स्पीकर ऐकू येतो. उरलेले तीन तुमच्या आणि बेसिस्टच्या आनंदासाठी. त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. ४×१२ समोर उभं राहून वाजवताना पँट हलते, आणि ते एकदा अनुभवावंच. पण ४×१२ चं वजन पस्तीस किलोच्या पुढे जातं, काही पन्नासच्या घरात. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहून दर शनिवारी तो कोण उतरवणार, हे आधी बँडमध्ये बोलून घ्या. जॅम रूममध्ये कायमचा ठेवायचा असेल तर जरूर घ्या.

पायरी २: अँपच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा

इथे चूक झाली तर पैसे जळतात, म्हणून सावकाश वाचा.

हेडच्या मागे स्पीकरच्या सॉकेटजवळ ४, ८, १६ असे आकडे असतात. हे ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप. कॅबच्या मागेही असाच आकडा असतो. ट्यूब अँप (काचेच्या नळ्यांवर चालणारा) असेल तर दोन्ही आकडे जुळले पाहिजेत: १६ चा कॅब १६ च्या सॉकेटमध्ये. काही हेडवर सॉकेटऐवजी फिरवायचा खटका असतो, तो त्या आकड्यावर आणायचा.

ट्यूब अँप कॅब न जोडता कधीही चालू करू नका. त्याच्या आत आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्यातून येणारी वीज स्पीकरमध्ये खर्च झाली नाही तर आतला दाब भलताच चढतो आणि ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूब जाते. एका कॉलेजच्या फेस्टला, बँड बदलायच्या घाईत, कॅबची वायर कुणाच्या तरी पायात अडकून निघाली. वाजवणाऱ्याला वाटलं आवाज गेला, म्हणून त्याने मास्टर, म्हणजे आवाजाचं मुख्य बटण, आणखी वर नेला. अर्ध्या मिनिटात जळलेल्या वॉर्निशचा वास आला. ते हेड पुन्हा वाजायला चार महिने लागले. म्हणून क्रम पाठ करा: आधी कॅबची वायर, मग मेन स्विच, मग स्टँडबाय. बंद करताना उलटा.

सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) अँपचा नियम वेगळा आहे. तिथे मागे ‘किमान ४’ किंवा ‘किमान ८’ असं लिहिलेलं असतं. त्याहून मोठ्या ओहमचा कॅब चालतो, आवाज थोडा कमी मिळतो. ८ ओहमला १०० वॅट देणारा अँप १६ ला साधारण निम्मे देतो. त्याहून लहान ओहमचा लावला तर अँप तापतो आणि जातो.

दोन कॅब एकत्र जोडायचे असतील तर हिशोब असा. हेडच्या मागची दोन सॉकेटं सहसा पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेली असतात. १६ चे दोन कॅब मिळून ८ होतात, ८ चे दोन मिळून ४. म्हणजे १६ चे दोन लावले तर खटका ८ वर. कॅबच्या आतही हेच गणित चालतं: १६ चे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ८, एकामागे एक म्हणजे सिरीजमध्ये जोडले की ३२. चार स्पीकरच्या कॅबमध्ये दोन-दोनच्या जोड्या सिरीजमध्ये असतात आणि त्या दोन जोड्या आपसात पॅरलल, म्हणून १६ चे चार मिळून परत १६. मार्शलच्या ‘१९६०’ या मॉडेलच्या ४×१२ कॅबला मागे खटका असतो: मोनोमध्ये एक सॉकेट ४ चं, एक १६ चं, आणि स्टिरिओ केलं की दोन्ही बाजू ८-८ च्या. जुना कॅब घेतल्यावर हा खटका कुठल्या बाजूला आहे ते न बघता हेड लावू नका.

स्टिकर निघालेला असेल तर मल्टिमीटर काढा. कॅबमध्ये वायर खोचा आणि तिच्या मोकळ्या टोकाच्या पिनवर दोन टोकं लावा. मीटरवर आकडा नेहमी थोडा कमी दिसतो: ८ चा कॅब सहा-सातच्या दरम्यान दाखवतो, १६ चा बारा-तेराच्या आसपास, ४ चा तीन-साडेतीन. काहीच दाखवलं नाही तर आत वायर तुटलीय किंवा स्पीकर गेलाय.

वायरबद्दल एक शब्द. हेडपासून कॅबपर्यंत गिटारची केबल लावायची नाही. दोन्हींच्या पिना सारख्याच दिसतात, त्यामुळे फार जण फसतात. गिटारच्या केबलमध्ये मधोमध केसासारखी बारीक तार असते आणि तिच्याभोवती जाळी, कारण तिच्यातून नगण्य वीज जाते. १०० वॅट ८ ओहममध्ये जातात तेव्हा साडेतीन अँपिअर वाहतात. ती बारीक तार तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, आणि शॉर्ट झालं की हेड गेलं. दीड एमएमची दोन तारांची साधी वायर आणि दोन चांगल्या पिना लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळतात. दुकानदाराकडूनच सोल्डरचा डाग लावून घ्या. वायरला लाल टेप गुंडाळा, म्हणजे अंधाऱ्या स्टेजवर गोंधळ होणार नाही.

पायरी ३: वॅट

नियम सोपा आहे: कॅबची ताकद हेडपेक्षा जास्त हवी. ट्यूब हेडवर ५० लिहिलेलं असलं तरी मास्टर पूर्ण उघडला की ते त्याहून बरंच जास्त बाहेर टाकतं. ५० च्या हेडला १०० चा कॅब असेल तर निर्धास्त झोपा.

स्पीकर मिसळलेले असतील तर सर्वांत कमकुवत स्पीकर मर्यादा ठरवतो. २×१२ मध्ये एक २५ वॅटचा आणि एक ६० चा असेल तर तो कॅब ८५ चा होत नाही. दोघांना निम्मं-निम्मं मिळतं, म्हणून ५० चाच धरायचा.

वॅटपेक्षा नवख्यांनी ज्याकडे बघायला हवं तो आकडा म्हणजे स्पीकरचा डेसिबल. तीन डेसिबलचा फरक म्हणजे अँपची ताकद दुप्पट केल्यासारखं. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० चा बसवला तर ५० चं हेड १०० च्या हेडसारखं ऐकू येतं, आणि नवीन हेड घ्यावं लागत नाही. उलट घरात वाजवणाऱ्याने कमी डेसिबलचा घ्यावा.

पायरी ४: स्पीकर

इथे मला थांबून बोलायचंय, कारण निम्मा आवाज इथेच ठरतो.

रॉक-मेटलच्या जगात सर्वाधिक कॅबमध्ये सेलेशन या इंग्रज कंपनीचे स्पीकर दिसतात. १९२४ पासूनची कंपनी. तिचे तीन स्पीकर कानाने ओळखायला शिकलात तर बाकीचे आपोआप कळत जातील.

पहिला, ग्रीनबॅक. १९६० च्या दशकातला, मागच्या हिरव्या टोपणावरून नाव पडलेला. २५ वॅट, ९८ डेसिबल. खर्ज मऊ, मधला आवाज जरा खरखरीत आणि गोड, वरची धार बोथट. जोरात वाजवला की कोन स्वतःच थोडा विरघळतो आणि तो विरघळणारा आवाज म्हणजे सत्तरच्या दशकातला रॉक. चार ग्रीनबॅकचा कॅब १०० वॅटचा होतो, म्हणजे १०० च्या ट्यूब हेडला काठावर. ब्लूज, क्लासिक रॉक, स्टोनर वाजवत असाल तर याच्यासारखा दुसरा नाही. वेगवान थ्रॅश रिफ मात्र यावर एकमेकांत मिसळतात. ग्रीनबॅकचा स्वभाव हवा पण ताकदही हवी, तर त्याचेच मोठे भाऊ आहेत, क्रीमबॅक नावाचे: एक ६५ वॅटचा, एक ७५ चा. त्यांतला ७५ वॅटचा जी१२एच हा १०० डेसिबलचा आहे, तो मला रॉक आणि मेटल दोन्ही वाजवणाऱ्यासाठी फार आवडतो.

दुसरा, व्हिंटेज ३०. नावाला भुलू नका: तो १९८६ चा आहे, म्हणजे मुंबईत इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला त्याच वर्षीचा, आणि ३० हा त्याच्या वॅटचा आकडाही नाही. तो ६० वॅटचा आहे, १०० डेसिबल. मेसा बूगी कंपनीच्या रेक्टिफायर कॅबमध्ये हाच, ऑरेंज कंपनीच्या कॅबमध्ये हाच. मेटलच्या रेकॉर्डिंगमध्ये याच्याइतका दुसरा कुठला स्पीकर वापरला गेला असेल असं मला वाटत नाही. कारण त्याच्या मधल्या-वरच्या पट्टीत, दोन हजार हर्ट्झच्या जरा पुढे, एक उंचवटा आहे. बेस, किकड्रम आणि दोन गिटार एकदम वाजत असतानाही तो उंचवटा तुमचा रिफ लोकांच्या कानापर्यंत नेतो. एकट्याने खोलीत वाजवताना मात्र तोच उंचवटा कानात टोचतो. त्यामुळे दुकानात एकटं ऐकून कित्येक जण व्हिंटेज ३० नाकारतात आणि पहिल्या गिगला पस्तावतात. नवा असताना तो जास्तच कडक असतो. काही तास नीट जोरात वाजला की कोन सैल होऊन माणसात येतो.

तिसरा, जी१२टी-७५. ७५ वॅट, ९७ डेसिबल. मार्शलच्या १९६० कॅबमध्ये वर्षानुवर्षं बसतोय, त्यामुळे आपल्याकडच्या जॅम रूममध्ये आणि भाड्याच्या सामानात तुम्हाला हाच सर्वांत जास्त भेटेल. खर्ज भरपूर, मधलं थोडं खोल गेलेलं, वर झणझणीत. एकट्याने वाजवताना फार भारी वाटतो. बँडमध्ये मात्र हेडवर मिड, म्हणजे मधली पट्टी, वाढवावीच लागते, नाहीतर गिटार गायब होते. ऐंशीच्या दशकातला थ्रॅश आवडत असेल तर हा आवाज ओळखीचा वाटेल.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली ईमिनन्स कंपनीही चांगले स्पीकर बनवते. आणि एकदम घट्ट, स्वच्छ खर्ज हवा असेल तर इलेक्ट्रो-व्हॉइसचा ईव्हीएम१२एल हा २०० वॅटचा स्पीकर आहे. जड आहे, महाग आहे, पण त्याच्यावर रिफ दगडात कोरल्यासारखा ऐकू येतो.

खाली ट्यून करणाऱ्यांसाठी एक खुलासा. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झवर असते. ब्लॅक सबाथ या बँडच्या टोनी आयोमीने १९७१ मध्ये तारा सैल करून सी शार्पपर्यंत नेल्या, म्हणजे ६९ हर्ट्झ. सात तारांच्या गिटारची बी ६२ हर्ट्झला येते. बारा इंची स्पीकर तिथे नीट पोचतच नाही. तरी आवाज जाड वाटतो, कारण आपला कान ६२ च्या दुप्पट, म्हणजे १२४ हर्ट्झवरच्या सुरावरून खालचा सूर ओळखतो. म्हणून ‘जास्त खर्ज देणारा’ स्पीकर शोधू नका, १०० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात घट्ट राहणारा शोधा. त्याखालची जागा बेसिस्टची आहे. ती त्याला दिली की बँड मोठा ऐकू येतो.

दोन जातीचे स्पीकर एका कॅबमध्ये मिसळता येतात, व्हिंटेज ३० आणि जी१२टी-७५ ही जोडी प्रसिद्ध आहे. ओहम सारखेच घ्या, आणि १०० डेसिबलवाला ९७ वाल्यावर कुरघोडी करणार हे धरून चला.

पायरी ५: डबा

मेटलसाठी पाठ बंद हवी. स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो. पाठ उघडी असेल तर मागची हवा वळून पुढे येते आणि खर्जाला खर्ज मारतो. आवाज खोलीभर पसरतो, क्लीन वाजवायला सुंदर लागतो, पण पाम म्यूटमधली थाप निघून जाते. बंद डब्यात हवा कोंडलेली असते, ती कोनाला स्प्रिंगसारखी मागे खेचते, म्हणून नोट जिथे तोडली तिथे तुटते. काही कॅबची पाठ दोन तुकड्यांची असते, मधला तुकडा काढता येतो. दोन्ही प्रकार वाजवणाऱ्याने तसा घ्यावा.

लाकूड. बर्च प्लाय, १८ मिमी, सर्वांत उत्तम: हलका, कडक, स्क्रू धरून ठेवणारा. स्वस्त कॅब एमडीएफ किंवा भुशाच्या बोर्डाचे असतात. घरात एका जागी ठेवायचा असेल तर तेही वाजतात. पण आपल्याकडचा पावसाळा लक्षात घ्या. कोकणात, गोव्यात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये तळाला ओल धरली की एमडीएफ फुगतो, कोपरा पापडासारखा सुटतो, चाकाचे स्क्रू निघून येतात. एकदा फुगलेला एमडीएफ परत बसत नाही.

सुताराकडून बनवून घेणं हा आपल्याकडचा खरोखर चांगला मार्ग आहे. परदेशी कॅबच्या किमतीत वाहतूक आणि आयातकर मिसळलेला असतो. फक्त स्पीकर बाहेरून घेऊन डबा इथे करवला तर पुष्कळ वाचतात. मी असे दोन करवून घेतले. सुताराला कागदावर लिहून द्यायच्या गोष्टी: बर्च प्लाय १८ मिमी, पुढची फळीसुद्धा त्याचीच. बारा इंची सेलेशनसाठी भोक २८३ मिमी व्यासाचं. ‘बारा इंच’ ऐकून तो ३०५ चं कापेल आणि स्पीकरच्या स्क्रूंना लाकूडच उरणार नाही, म्हणून स्पीकर समोर ठेवूनच माप द्या. कोपरे दातात दात बसवून फेव्हिकॉलने जोडलेले, नुसते खिळे नकोत. पाठीची फळी भोवतालच्या पट्टीवर दर पंधरा सेंटिमीटरला एक स्क्रू, मध्ये फोमची पट्टी, म्हणजे हवा गळणार नाही. २×१२ साठी बाहेरून साधारण ७५ सेंमी रुंद, ५० उंच, ३० ते ३५ खोल. वर रेक्झिन, पितळी किंवा प्लास्टिकचे कोपरे, आणि हँडल वजन तोललं जाईल तिथे. आमच्या पहिल्या डब्याला पाठीच्या वरच्या कडेला पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली होती. ई तार वाजली की तिथून फुर्र असा आवाज यायचा. स्पीकर फाटला म्हणून मी घाबरलो, आणि औषध निघालं दहा रुपयांची फोमपट्टी.

पायरी ६: घेण्याआधी तपासा

नवा कॅब असेल तर तुमचीच गिटार आणि जमल्यास तुमचंच हेड घेऊन जा. धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात वाजवून बघता येतं, पण गर्दी नसलेल्या दिवशी सकाळी जा. खुर्चीवर बसून वाजवू नका. स्पीकर टोकदार झोत टाकतो. कान स्पीकरच्या उंचीला आणून समोरून ऐकलं तर वेगळं, गुडघ्याशी कॅब असताना वर उभं राहून ऐकलं तर वेगळं. दोन्ही ऐका.

जुना कॅब असेल तर पाठ उघडायला सांगा. ‘आत व्हिंटेज ३० आहेत’ हे वाक्य लेबल बघितल्याशिवाय खरं मानू नका, कारण मूळ स्पीकर विकून आत दुसरे बसवलेले कॅब बाजारात फिरतात. मग हे करा. कोनाच्या मध्याभोवती दोन्ही हातांची बोटं समान टेकवून हलकेच आत दाबा. लोण्यासारखा सरकायला हवा. आतून घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय, तो स्पीकर सोडा. कडेला चिरा आहेत का बघा. कोपऱ्यांत वाळवीची माती किंवा तळाला फुगवटा असेल तर भाव करत बसू नका.

शेवटची तपासणी मला सर्वांत आवडते. पुढची जाळी काढून कॅबच्या वायरच्या पिनला नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा. टक् असा आवाज येईल आणि कोन हलतील. सगळे एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्यात. असा कॅब वाजतो, पण खर्ज पोकळ होतो आणि मालक बिचारा कॅबच वाईट म्हणून स्वस्तात विकायला काढतो. तारा अदलाबदल करायला दोन मिनिटं लागतात. मी माझा २×१२ असाच घेतला, आणि घरी जाण्याआधी त्याच्या आधीच्या मालकाला काय बिघडलं होतं ते सांगितलं. त्याने तरीही दिला.

कॅब हवाच का, असंही विचारा

घरात रात्रीच वाजवणार, गिग वर्षातून एखादं, तर मॉडेलर (अँपची नक्कल करणारं डिजिटल यंत्र) किंवा लोडबॉक्स (कॅबच्या जागी हेडला जोडायचं खोकं) घेऊन इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आपण ज्याला आयआर म्हणतो ते, हेडफोनवर वापरा. आयआर म्हणजे एका कॅबचा, एका स्पीकरचा, एका माइकने टिपलेला ठसा. आज ते फार चांगले झालेत. पण मॉडेलरचा आवाज भरपूर पट्टी ऐकवणाऱ्या सपाट स्पीकरमधून काढा. आयआर चालू ठेवून गिटार कॅबमध्ये सोडला तर कॅबवर कॅब चढतो आणि आवाज गोधडीखाली जातो.

पायरी ७: घरी आणल्यावर

कॅब कोपऱ्यात ढकलू नका, खर्ज फुगतो. भिंतीपासून हातभर पुढे घ्या. पोकळ लाकडी स्टेजवर बीअरच्या क्रेटवर किंवा मजबूत स्टुलावर ठेवा. स्टेजचं घुमणं थांबतं आणि कॅब कानाच्या जवळ येतो. पावसाळ्यात जमिनीशी थेट संपर्क नको, खाली दोन पट्ट्या टाका.

हेडवरचे सगळे टोन मधोमध आणा आणि नव्याने सुरुवात करा. जुन्या कॅबसाठी लावलेली बटणं या कॅबला लागू नाहीत. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, सवयीपेक्षा कमी ठेवून एकच पाम म्यूट रिफ वाजवा, सोबत ड्रमर वाजत असताना, तीन मीटरवर उभं राहून. आधी मिड लावा, मग बेस, ट्रेबल सर्वांत शेवटी.

मग माइक लावायचा असेल तर शुअर एसएम५७ पुरे. १९६५ पासून हाच चालतोय. टॉर्च मारून जाळीमागे कोनाचा मध्य शोधा. माइक जाळीपासून दोन बोटांवर धरा, बरोबर मध्यावर आवाज टोकदार येईल. कुणाला तरी हेडफोन लावून बसवा आणि माइक एक-एक सेंटिमीटर कडेकडे सरकवत जा. दर सेंटिमीटरला धार कमी होत जाडी वाढताना ऐकू येईल. जिथे दोघांनाही थांबावंसं वाटलं तिथे जाळीवर खडूने बारीक खूण करा, म्हणजे पुढच्या गिगला साऊंडवाल्याला तीच दाखवता येईल.